ज्वरमुक्तीनंतरचा काळ कोणाचा?

आपल्या नियतकालिकांतून प्रसिद्ध होणाऱ्या रुग्णानुभवांचा शेवट बहुधा एकाच धर्तीवर होतो. ज्वर उतरला, लक्षणे शमली, रुग्णास उपशय मिळाला. लेखणी तेथे थांबते आणि वाचकही पान उलटतो. आम्हीही असे रुग्णानुभव लिहिले आहेत आणि त्या अखेरच्या वाक्याविषयी कधी शंका घेतलेली नाही. २०२२ च्या भाद्रपदापासून २०२३ च्या चैत्रापर्यंत मात्र आम्हांस त्या वाक्याच्या पलीकडे राहावे लागले. ज्वर उतरला होता, लक्षणे शमली होती, आणि आम्ही बरे झालो नव्हतो. त्या सात महिन्यांत जे उमगले ते व्यवसायबंधूंपुढे आणि औषधालयचालकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आजार होता विषाणूजन्य मस्तिष्कावरणदाह. वृत्तपत्रांतून यास सरसकट ‘मेंदूज्वर’ म्हटले जाते आणि तेथूनच घोटाळ्यास आरंभ होतो. मेंदू व मज्जारज्जू यांवरील आवरणांस सूज येणे हा एक विकार. खुद्द मेंदूच्या ऊतींस सूज येणे हा मस्तिष्कदाह, म्हणजे दुसरा विकार. नागपूर भागातील चांदीपुरा गावाचे नाव ज्या विषाणूस मिळाले आहे, त्याने २००३ साली आंध्र प्रदेशात व महाराष्ट्रात बालकांचे बळी घेतले, तो या दुसऱ्या प्रकारात मोडतो. आमच्या वाट्यास आलेला पहिला प्रकार तुलनेने सौम्य मानला जातो. बहुतेक प्रौढ रुग्ण त्यातून वाचतात आणि बहुतेक पूर्ववतही होतात. परंतु ‘पूर्ववत होतात’ या दोन शब्दांमध्ये किती दिवस, किती आठवडे दडलेले असतात, ते सहसा कोणी सांगत नाही.

प्रथम आमच्या चुकीचा कबुलीजबाब देणे प्राप्त आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी अंगात कणकण भरली, डोके दुखू लागले. पावसाळी ज्वर समजून आम्ही स्वतःच स्वतःचे वैद्य झालो. त्रिभुवनकीर्ती घेतला, लंघन केले, शिरःशूलासाठी सूतशेखर घेतला. तिसऱ्या रात्री उजेड सोसवेना, दोनदा वांती झाली आणि डोकेदुखी अशी की, आजवर रुग्णांच्या तोंडून ऐकलेली सारी वर्णने फिकी वाटावीत. तरीही आमचे चित्त दोषांच्या अंशांशकल्पनेतच रमले होते. आमच्या सौभाग्यवती वैद्य नाहीत. परंतु पंधरा वर्षे चिकित्सालयाच्या दाराशी बसून त्यांनी पुष्कळ पाहिले आहे. त्या म्हणाल्या, ‘‘अहो, हनुवटी छातीला लावून दाखवा बरे.’’ आम्हांस ती लावता आली नाही. ‘‘सकाळपर्यंत थांबायचे नाही,’’ एवढेच बोलून त्यांनी शेजाऱ्यांची गाडी मागविली. जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अगत्याचे आहे. तीव्र शिरःशूल, ज्वर, वांती, प्रकाशासहत्व, मानेची ताठरता किंवा गुंगी यांपैकी लक्षणे एकत्र दिसली, तर तो रुग्ण आपल्या चिकित्सालयात क्षणभरही ठेवण्याचा नव्हे. मान ताठ नाही, एवढ्यावरून आजार नाही असे म्हणता येत नाही. हा दाह विषाणूंचा, जिवाणूंचा की क्षयाचा, हे नाडीवरून किंवा जिव्हेवरून ठरविता येईल असे मानणे रुग्णाच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासण्याची पद्धत क्विंके या जर्मन वैद्याने १८९१ मध्ये प्रचारात आणली. १९२५ मध्ये वालग्रेन या स्वीडिश बालरोगतज्ज्ञाने, ज्यात जिवाणू सापडत नाहीत असा मस्तिष्कावरणदाह वेगळा काढून दाखविला. त्या पाण्यातच पुष्कळसा निवाडा असतो. जिवाणूजन्य दाहात ते बहुधा गढूळ असते आणि त्यातील साखर घटलेली असते. विषाणूजन्य दाहात ते बहुधा स्वच्छ असते, लसिकापेशी वाढलेल्या असतात व साखर बहुधा प्राकृत असते. क्षयजन्य दाहातही लसिकापेशी वाढतात, परंतु साखर उतरते आणि प्रथिने चढतात. आपल्या प्रांतात क्षयाचा हा प्रकार विसरून चालत नाही. जिवाणूजन्य दाहात काही तासांचा विलंबही प्राण घेऊ शकतो. आम्ही घरी तीन दिवस घालविले. आमचा दाह विषाणूजन्य निघाला हे आमचे दैव; त्यात आमच्या शास्त्रज्ञानाचे काही श्रेय नाही.

रुग्णालयात उपचार तत्परतेने झाले. पाणी तपासून होईपर्यंत प्रतिजैविके दिली गेली, जिवाणू नाहीत असे दिसल्यावर ती थांबविली गेली. कोणता विषाणू होता ते अखेरपर्यंत कळले नाही. आन्त्रविषाणूंचा वर्ग या दाहाचे सर्वांत वारंवार आढळणारे कारण होय. त्यांवर विशिष्ट औषध उपलब्ध नाही. अशा वेळी वेदनाशमन, द्रवपूरण आणि विश्रांती हीच चिकित्सा उरते. नवव्या दिवशी आम्हांस घरी पाठविण्यात आले. जाताना तेथील तरुण डॉक्टरांनी प्रेमाने सांगितले, ‘‘व्हायरल होते, काळजीचे कारण नाही. आठ-दहा दिवसांत कामाला लागाल.’’ त्यांच्या दृष्टीने ते खरेच होते. त्यांचे काम संपले होते. आमचे त्या दिवशी सुरू झाले.

घरी परतलो तेव्हा गणेशोत्सवाचे अखेरचे दिवस होते. विसर्जनाच्या मिरवणुकीचा ढोल तीन गल्ल्यांपलीकडे वाजत होता आणि आम्ही कानांत कापूस घालून, खिडक्यांवर सतरंज्या टांगून अंधारात पडलो होतो. स्नान करून उठलो की तासभर निजावे लागे. वर्तमानपत्राचा एक रकाना वाचून होईपर्यंत त्याचा आरंभ विसरलेला असे. ज्या द्रव्यांची नावे वीस वर्षे ओठांवर होती ती ऐन वेळी सापडत नसत. एकदा हरीतकी हा शब्द आठवेना म्हणून हातवारे करून सांगू लागलो आणि मुलास हसू आले, आम्हांस मात्र रडू कोसळले. निद्रा दिवसा येई आणि रात्री पाठ फिरवी. क्रोध विनाकारण उसळे. सर्वांत फसवी गोष्ट अशी की, एखाद्या दिवशी बरे वाटून थोडे अधिक चाललो, थोडे अधिक बोललो, तर त्याची शिक्षा त्याच दिवशी मिळत नसे. ती दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी डोकेदुखीच्या रूपाने येई. त्यामुळे कारण आणि कार्य यांचा मेळच बसत नसे.

आणि बाहेरून पाहणाऱ्यास यातील काहीच दिसत नव्हते. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, कावीळ झाली तर डोळे पिवळे दिसतात. येथे चेहरा ठीक, वजन ठीक, ज्वर नाही. भेटीस येणारा प्रत्येकजण म्हणे, ‘‘तब्येत तर छान दिसते, आता चिकित्सालय केव्हा उघडता?’’ पाचव्या-सहाव्यांदा हे ऐकल्यावर आम्हांसच संशय येऊ लागला की, आपण आळस तर करीत नाही ना. आजवर किती रुग्णांस आम्हीही याच शब्दांत उत्तेजन दिले असेल, याची तेव्हा लाज वाटली.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. हा काळ कोणाचा? रुग्णालयाने कागद हातात दिला आहे, रुग्ण उभा राहू शकतो, परंतु जगू शकत नाही, असा जो मधला प्रदेश आहे, त्याचा वैद्य कोण? आमचे उत्तर असे की, शास्त्राने तो काळ आपल्या स्वाधीन केला आहे आणि आपण तो बाटल्यांच्या स्वाधीन केला आहे.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी अभ्यासिला आहे. पदवी परीक्षेसाठी ज्वराचे भेद आणि कषाय पाठ केले. परंतु अध्यायाच्या अखेरीस ज्वरमुक्तासाठी जे सांगितले आहे, ते बहुतेकांनी परीक्षेत येत नाही म्हणून सोडून दिले. आचार्य तेथे स्पष्ट बजावतात की, ज्वर गेला तरी बल येईपर्यंत व्यायाम, व्यवाय, स्नान आणि फिरणे वर्ज्य करावे. अन्यथा गेलेला ज्वर परततो. पुनरावर्तक ज्वराचा विचार तेथेच येतो. येथे दिवसांची संख्या दिलेली नाही हे ध्यानात घ्यावे. मर्यादा दिनदर्शिकेची नसून बलाची आहे. त्याच अध्यायात लंघनाचा विचार करतानाही आरोग्याचे अधिष्ठान बल होय आणि सारी चिकित्सा त्यासाठीच आहे, असा विचार मांडलेला आहे. ज्वर जाणे आणि बल येणे या दोन घटना आहेत, हे तत्त्व इतक्या प्राचीन काळी ज्या शास्त्राने ओळखले, त्याच्या अनुयायांनी त्या दोहोंमधील अंतर औषधविक्रीची संधी म्हणून वापरावे, ही खेदाची गोष्ट आहे.

हे कठोर वाटेल, म्हणून आमच्याच उशाशी काय जमले होते ते सांगतो. आमच्या आजाराची वार्ता पसरताच वैद्यमित्रांचे प्रेम ओसंडून आले. कोणी ब्राह्मी घृत पाठविले, कोणी सारस्वतारिष्ट, कोणी स्मृतिसागर रस, कोणी बृहत् वातचिंतामणी. एका औषधनिर्मात्याच्या प्रतिनिधीने मेध्य सरबताच्या सहा बाटल्या भेट म्हणून ठेवल्या. कोणी नस्याचा आग्रह धरला, कोणी शिरोधारेचा. भाद्रपद संपण्यापूर्वी आमच्या फडताळात अकरा कल्प होते आणि प्रत्येकासोबत हमी होती. या सर्वांत एकाही मित्राने ‘भूक लागते का?’ असे विचारले नाही. आम्हीही स्वतःस विचारले नाही. अग्नी मंद असताना घृत सुरू केले, तोंडास पाणी सुटू लागले, पोट जड झाले, आणि त्याचा दोष आम्ही आजारास दिला. मळलेल्या वस्त्रास रंग चढत नाही, हा रसायनाविषयीचा दृष्टान्त आपण विद्यार्थ्यांस मोठ्या रसाने समजावितो. स्वतःवर वेळ आली तेव्हा तो आम्हांस आठवला नाही.

यापुढचा प्रसंग सांगताना आजही संकोच होतो. परंतु तो सांगितल्याखेरीज या लेखास अर्थ नाही. घरी येऊन महिना होत आला होता. चिकित्सालय बंद, उत्पन्न बंद, मुलाच्या शिकवणीचे पैसे थकलेले. दसऱ्याचा मुहूर्त साधून आम्ही दार उघडले. रुग्णांनी गर्दी केली, हारतुरे आणले, आम्हांसही हुरूप आला. तिसऱ्या दिवशी सायंकाळी, बाविसाव्या की तेविसाव्या रुग्णास, दम्याच्या एका वृद्ध शेतकऱ्यास, आम्ही पुड्या लिहून दिल्या. अर्ध्या तासाने समोरच्या औषधालयाच्या मालकांचा दूरध्वनी आला. ते आमच्याहून वयाने वडील आहेत. म्हणाले, ‘‘वैद्यराज, चिठ्ठी एकदा वाचून दाखवू का?’’ त्यांनी वाचली. सितोपलादी ६० मिलिग्रॅम, समीरपन्नग १ ग्रॅम, दिवसातून दोन वेळा.

दोन औषधांच्या मात्रा आमच्या हातून एकमेकींच्या जागी पडल्या होत्या. समीरपन्नगात पारद आहे, सोमल आहे, हरताळ आणि मनःशिळा आहेत. सोळापटींहून अधिक मात्रा त्या वृद्धाच्या पोटात दिवसातून दोन वेळा गेली असती. आम्ही काही बोलू शकलो नाही. पलीकडून शांतपणे आवाज आला, ‘‘बाबांना चहा देऊन बसवून ठेवले आहे. तुम्ही सांगाल तशा पुड्या बांधतो.’’ ना उपदेश, ना आश्चर्य. चूक लिहिताना आम्हांस तिळमात्र शंका आली नव्हती, हे अधिक भयंकर होते. थकलेल्या मेंदूस स्वतःचा थकवा कळतोच असे नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दारावर पुन्हा पाटी लावली.

त्यानंतर आम्ही जे केले त्यात नवीन काही नाही. शोधनानंतर पेया, विलेपी, यूष, मांसरस या क्रमाने अग्नी पुन्हा पेटवीत नेण्याचा संसर्जनक्रम आपण रोज सांगतो. शुद्धी जशी प्रवर, मध्यम वा अवर, तसा तो सात, पाच वा तीन दिवसांचा. आम्ही आहारासाठी तो मार्ग धरला आणि कामासाठीही तेच तत्त्व लाविले. कामाचा संसर्जनक्रम असा शब्दप्रयोग ग्रंथांत नाही. ही आमची योजना आहे, शास्त्राचे वचन नव्हे. प्रथम दिवसाआड अर्धा तास, दोन रुग्ण, तेही जुने. रसकल्प मुळीच लिहावयाचे नाहीत. पुढची पायरी चढल्यावर दोन दिवस वाट पाहावयाची. त्या दोन दिवसांत डोके दुखले, निद्रा बिघडली किंवा शब्द अडू लागले, तर एक पायरी खाली. रोजनिशीत चार रकाने केले: भूक, निद्रा, श्रम, दुसऱ्या दिवशीची अवस्था. संक्रांतीपर्यंत सकाळचे दोन तास जमू लागले. गुढीपाडव्यास दोन्ही वेळा चिकित्सालय सुरू झाले. अकरा कल्पांपैकी नऊ आम्ही परत केले अथवा बाजूस ठेविले. भूक नीट लागू लागल्यावर गुडूची आणि यष्टिमधू एवढेच घेतले, आणि रात्री पादाभ्यंग.

कोणी विचारील, मग गुण कशाने आला? प्रामाणिक उत्तर असे की, आम्हांस ते ठरविता येत नाही. हा आजार बहुतेकांत काळानेच निवळतो. अशा आजारात रुग्ण ज्या दिवशी जे घेत असेल त्यास यश लाभते. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गाठ पडते. त्यास आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. फडताळातील अकरांपैकी कोणताही कल्प आम्ही अखेरपर्यंत घेतला असता, तरी आज त्याच्या नावाने प्रशस्तिपत्र लिहून देऊ शकलो असतो. मेध्य द्रव्यांवरील आमची श्रद्धा ढळलेली नाही. परंतु जो आजार आपोआप बरा होण्याचा संभव मोठा, तेथे एका रुग्णाच्या बरे होण्यावरून सिद्धान्त बांधणे हे शास्त्र नव्हे. आपल्या नियतकालिकातही असे रुग्णानुभव येतात. संपादकांनी आणि आम्हा लेखकांनी त्यांकडे अधिक कठोरपणे पाहावे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. ‘‘रुग्णास औषध हवे असते. विश्रांती घ्या म्हटले तर तो फी कशाची देईल? तो दुसऱ्या दारी जाईल.’’ यात तथ्य आहे, आणि त्याहून मोठे तथ्य असे की, विश्रांती ही ज्यास परवडते त्याचीच असते. आमचे चिकित्सालय आमच्या मालकीचे होते, म्हणून आम्हांस दार लावता आले. रोजंदारीवर जाणाऱ्यास, ऊसतोडीच्या टोळीत नाव असलेल्यास, दहा माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या सुनेस ते कसे जमावे? परंतु म्हणूनच तर वैद्याचा शब्द मोलाचा ठरतो. सुनेने ‘थकवा आहे’ म्हटले तर घरात ते कोणी ऐकत नाही; वैद्याने सासूस समोर बसवून सांगितले तर ऐकले जाते. मागे एका दहावीच्या मुलास त्याचे वडील घेऊन आले. याच आजारातून दीड महिन्यापूर्वी तो उठला होता. वडिलांस स्मृतिवर्धक औषध हवे होते, कारण चाचणीत गुण घसरले होते. आम्ही औषधाआधी शाळेस पत्र लिहिले: दोन महिने अर्धा दिवस शाळा, मैदानी तासास सूट, सलग तासभराहून अधिक लेखन नको. वडिलांस रोजनिशीचे चार रकाने आखून दिले. ते दर पंधरवड्यास आले, आणि फी त्यांनी आपण होऊन दिली.

यास्तव व्यवसायबंधूंपुढे पुढील सूचना ठेवतो.

पहिली, रुग्णालयातून आलेल्या अशा रुग्णाचा कागद नीट वाचावा आणि निदान विषाणूजन्य दाहाचेच आहे ना, हे पाहावे. क्षयाची वा अपस्माराची औषधे चालू असतील तर ती आपल्या शब्दाने बंद होता कामा नयेत. दुसरी, ज्वर पुन्हा येणे, शिरःशूल वाढत जाणे, झटके, गुंगी, द्विधादर्शन, ऐकू कमी येणे, हातापायांत नवी दुर्बलता यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात परत पाठवावे. पुनरावर्तक ज्वराची चिकित्सा चिकित्सालयात बसून करू नये. तिसरी, औषधापूर्वी अग्नी, निद्रा आणि श्रमानंतरची दुसऱ्या दिवसाची अवस्था विचारावी, आणि काम, अभ्यास, वाहन चालविणे यांविषयी लेखी सूचना द्यावी. चौथी, मनाची चौकशी करावी. विषाद या काळात चोरपावलांनी येतो. आमच्याकडेही आला होता. रुग्ण जगण्यास कंटाळल्याचे बोलला तर त्यास सत्त्वावजयाचे चार शब्द सांगून घरी धाडू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

औषधालयचालकांस दोन विनंत्या. एक, मेंदूच्या आजारातून उठलेल्यास केवळ विचारणेवरून मेध्य कल्पांची रास बांधून देऊ नये. त्यास वैद्याकडे पाठवावे. मेंदूचे विकार बरे करण्याच्या हमीची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध केली आहे, याचेही स्मरण असावे. तशी भित्तिपत्रके आपल्या भिंतीवर लावण्यास देणारा प्रतिनिधी निघून जातो, भिंत आपलीच राहते. दुसरी विनंती अधिक महत्त्वाची. मात्रा खटकली तर वैद्य कितीही मोठा, कितीही जुना असो, दूरध्वनी करावा. वैद्य रागावेल, अपमान मानील, पुढे चिठ्ठ्या दुसरीकडे पाठवील, ही भीती आम्हांस ठाऊक आहे. ती भीती दूर करण्याचे काम आम्हा वैद्यांचे आहे. आमच्यापैकी प्रत्येकाने आपल्या गावच्या औषधालयात जाऊन एकदा तोंडाने सांगावे की, शंका आली तर विचारा, आम्ही आभारच मानू.

संघटनेस एक सूचना. ज्वरमुक्तांसाठी एका पानाचे पत्रक तयार करावे. त्यात पथ्य, कामाच्या पायऱ्या, धोक्याची लक्षणे आणि रोजनिशीचे चार रकाने असावेत. त्यात कोणत्याही कल्पाचे नाव नसावे. छपाईचा खर्च कोणा निर्मात्याकडून घेऊ नये. तो आपण वर्गणीतून करावा. पुढील सभेपुढे हा विषय यावा अशी आमची विनंती आहे.

आज आम्ही पूर्ववत काम करतो. पावसाळी दिवसांत कधी डोके जड होते, ऐन वेळी एखादा शब्द हुलकावणी देतो. परंतु ते या वयात कोणासही होते असे मित्र म्हणतात आणि आम्ही ते मान्य करतो. ती चुकीची चिठ्ठी औषधालयाच्या मालकांनी फाडली नव्हती, आम्हांस परत आणून दिली होती. ती आमच्या मेजाच्या काचेखाली आहे. रसकल्प लिहिताना हात तिच्यावरूनच जातो. तो वृद्ध शेतकरी अजूनही येतो. त्या सायंकाळी त्याने चहा का प्यायला, हे आम्ही त्यास पुढे एकदा सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘‘डॉक्टर, तुम्ही लवकरच उठलात म्हणायचे.’’

वाचकांनी या विषयावरील आपले अनुभव, विशेषतः आमच्याशी मतभेद असल्यास ते, संपादकांकडे अवश्य कळवावेत.